कडेच्या घराची हाक

मामा हाक मारायचे तेव्हा रस्त्यावरची कुत्री भुंकायची थांबत. सत्तरी ओलांडलेला, काडीसारखा माणूस. एरवी बोलला तर समोरच्याला कान द्यावा लागे. पण दिवेलागणीला शहराबाहेरच्या आपल्या जुन्या घराच्या मागच्या दारात उभा राहून ‘श्रीऽऽकांऽऽत’ म्हणाला की माझ्या अंगावर सर्रकन काटा येई. श्रीकांत त्यांचा मुलगा. तो त्या वेळी बंगळुरात, ऑफिसातून घरी निघालेला असे.

नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही सांगलीहून म्हैसूरला आलो आणि सरस्वतीपुरममध्ये मामांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. ते नात्याने कुणाचेच मामा नव्हते, पण गल्लीने तसं ठरवून टाकलं होतं. शाळेत जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मामी आमच्या येण्याआधीच गेलेल्या. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या मराठी होतं, पण कसलं! “सुम्ने वर का बसतीस गं? खाली ये, कॉफी पी, अष्टे.” सुम्ने म्हणजे उगीच आणि अष्टे म्हणजे एवढंच, हे कळेपर्यंत मी नुसतीच हसत होते.

संध्याकाळ झाली की मामा स्कूटर काढून हुणसूर रस्त्याला लागत. शहर संपतं तिथे त्यांचं मूळ घर होतं. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू पिकला, तेव्हा स्कूटर माझ्या हाती आली आणि मी त्या घरात ओढली गेले.

त्या घराला सगळे ‘कडेचं घर’ म्हणत. मराठी फौजेबरोबर दक्षिणेत आलेले मामांचे पूर्वज, दोन भाऊ, परत गेलेच नाहीत. जेवढं रान तोडाल तेवढी जमीन तुमची, या बोलीवर इथे राहिले. त्यांच्यापुढे दुसरं घर नव्हतं, नुसतं जंगल. म्हणून मागच्या भिंतीला एकही खिडकी नाही, फक्त वाकून जावं लागेल असं एक बुटकं दार आणि त्याला मांडीएवढा जाड अडसर. आता जंगल कुठल्या कुठे गेलं. दार उघडलं की समोर कुणाचा तरी बंगला, कुणाची तरी गाडी. मामा मात्र घराला दरवर्षी चुना काढत, कौलं शाकारून घेत, आणि त्या बंगल्याकडे असे बघत की जणू झाडीच आहे.

दिवे लागले की दार उघडून घरातल्या एकेकाच्या नावाने हाक मारायची, ज्याने त्याने आतून ओ द्यायची, मग अडसर घालायचा, ही त्या घराची रीत. जंगलात कुणी राहिलं नाही ना, याची खात्री. माणूस गेलं की तेराव्याला त्याच्या नावाने शेवटची हाक, तिला कुणी ओ द्यायची नाही, आणि दार लावल्यावर ते नाव पुन्हा पुकारायचं नाही. मामींचं नाव असंच मिटलं होतं. आता घरात ओ द्यायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून मामा मुलाला आणि सुनेला एकदमच फोनवर घेऊन तो छातीशी धरत. “श्रीऽऽकांऽऽत!” फोनमधून ट्रॅफिकच्या गोंगाटात “ओ अप्पा”. “विद्याऽऽ!” कुकरच्या शिट्टीबरोबर सुनेची “ओ”. मला हसू आवरत नसे.

शेवटचं नाव आलं की मात्र हसू जाई. “भीमराऽऽव!” त्या दोन भावांतला हा धाकटा. चुकलेली गाय आणायला जंगलात गेला. थोरल्याने हाक मारली तर झाडीतून ओ आली. पुन्हा मारली, ओ जवळून आली. माणूस काही आला नाही. “ओ पुष्कळ दिवस येत होती म्हणे,” मामा सांगत, “मग थांबली.” मेला असं कुणी सांगितलं नाही, मग शेवटची हाक कशी मारणार? म्हणून ते नाव पिढ्यान् पिढ्या रोज घेतलं जाई.

“मामा, तुमचा विश्वास आहे यावर?” मी एकदा विचारलं.

“विश्वास कशाला लागतो बा? हाक मारायला घसा लागतो.”

श्रीकांतला ते घर विकायचं होतं. गिऱ्हाईक दारात उभं होतं. मामांचं उत्तर ठरलेलं: “विकतो. पण भीमरावाला कुठल्या पत्त्यावर बोलावू ते सांग.” त्यांचा जीव तेवढ्यावर अडकला होता. आपल्यानंतर हे नाव कोण घेणार, या विचाराने ते जेवणावरून उठत.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. वीज गेली होती. श्रीकांतची ओ आली, विद्याची आली. मामांनी भीमरावाला हाक मारली.

“ओ.”

शांत आवाज होता. पायरीशी चपला काढत कुणी द्यावी तशी ओ. मला वाटलं श्रीकांतनेच चावटपणा केला. मी फोन हिसकावला, “श्रीकांत, असली थट्टा करतात का?” फोन केव्हाच कट झाला होता. नंतर त्याचा फोन आला, तेव्हा म्हणाला, विद्याचं नाव झालं आणि रेंज गेली, पुढचं काहीच ऐकू आलं नाही.

मामा दारातून थोडे बाजूला सरले, वाट दिल्यासारखे, आणि मग अडसर घातला. “आयतु,” ते म्हणाले. “झालं. आला.”

“मामा, घरी चला.” मी स्कूटरची किल्ली काढली.

“माणूस एवढ्या वर्षांनी घरी आलं, आणि आपण कुलूप लावून जायचं?”

ते तिथेच राहिले. भीमरावाचं नाव पुकारणं बंद झालं, ताटं मात्र दोन मांडली जाऊ लागली. मी गेले की म्हणत, “तिथे नको गं, इकडे बस,” आणि मी मुकाट्याने जागा बदले. बोलता बोलता मध्येच पाय आखडून घेत, कुणाला जायला वाट द्यावी तसे. पण माणूस खुलला होता. श्रीकांतला स्वतःहून म्हणाले, “माझ्या मागे खुशाल वीक. आता कुणाची वाट बघायची नाही.”

पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी ते खुर्चीतच गेले. मी पोचले तेव्हा पाय आखडून घेतलेले होते.

तेराव्याला श्रीकांत मागच्या दारात उभा राहिला. आम्ही सगळे ओठ मिटून आत बसलो. “अप्पाऽऽ!” वडिलांचाच आवाज होता तो, हुबेहूब. पलीकडे कुणी गाडी मागे घेत होतं. मला ओरडून ओ द्यावीशी वाटली. पदराचा बोळा मी तोंडात धरला. कुणीही ओ दिली नाही. आता अडसर घालायचा आणि नाव मिटवायचं, एवढंच राहिलं होतं. श्रीकांत अडसर हातात धरून उभाच.

“दार लावा हो,” विद्या म्हणाली.

“उद्या मारतो परत,” तो म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

रीत मोडली ती तिथे. गिऱ्हाइकाला त्याने दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. शनिवार-रविवार तो येतो. एरवी किल्ली माझ्याकडे असते. दिवेलागणीला मी ते बुटकं दार उघडते, मामांना हाक मारते, थांबते. अजून ओ आलेली नाही. आली नाही की सुटल्यासारखं वाटतं. आणि अडसर घालताना त्यांचा रागही येतो, की मला एकदा ओ द्यायला या माणसाचं काय जात होतं.