घरगुती अडचण

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मुख्याध्यापकांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि समोर एक कोरा कागद सरकवला. माझ्याकडून त्यावर फक्त एक वाक्य हवं होतं. घरगुती अडचणीमुळे मी मुख्याध्यापकपद स्वीकारू शकत नाही. खाली सही.

"सगळे असंच देतात, मॅडम," ते म्हणाले. सगळे म्हणजे सगळ्या बायका, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नाही.

ते मे अखेरीस निवृत्त होणार होते. आमच्यासारख्या अनुदानित शाळेत मुख्याध्यापकपद सेवाज्येष्ठतेने मिळतं. ज्येष्ठ माणसाने स्वतः नकार लिहून दिला तरच ते खालच्या माणसाकडे जातं. ज्येष्ठ मी होते. माझ्या खालोखाल गणिताचे सर होते आणि त्यांनी जानेवारीतच स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. कशाचे, असं मी विचारलं तेव्हा "असेच" म्हणाले होते. मी दोन खाल्ले, याचा मला अजून राग येतो.

"पण सर, मला घरात काही अडचण नाही," मी म्हटलं.

"अहो, ते लिहायचं असतं नुसतं."

मी कागद तिथेच ठेवून तासाला निघून गेले.

मी भोरची. रोज सकाळी निघायचं, नसरापूरला एसटी बदलायची आणि वेल्ह्याच्या रस्त्याला पालीच्या अलीकडे उतरायचं, हे मी लग्नानंतर सुरू केलं ते अजून चालू आहे. मुलगा पुण्यात नोकरीला लागलाय. सासू-सासरे राहिले नाहीत. मिस्टर बँकेत आहेत आणि स्वतःचा चहा स्वतः करून घेतात. अडचण शोधायची म्हटली तरी सापडली नसती.

त्या रविवारी मी राजवाड्याजवळ राहणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे गेले. त्या आमच्याच शाळेत होत्या. आत्ताच्या मुख्याध्यापकांच्या आधी खरं तर त्यांचा नंबर होता आणि त्यांनीही असंच लिहून दिलं होतं. मला वाटलं, त्या तरी मला धीर देतील.

"तुम्ही काय कारण लिहिलं होतं?" मी विचारलं.

"सासूबाईंचं आजारपण."

"पण तुमच्या सासूबाई तर..."

"त्याच्या आदल्या वर्षीच गेल्या होत्या," त्या म्हणाल्या. मटार सोलत होत्या, मान वर केली नाही. "सगळ्यांना माहीत होतं. सचिव तर तेराव्याला जेवून गेले होते."

"मग का लिहिलंत?"

आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मला कुणी सोडलं नाही, मग तुला का सोडावं? लिहून दे आणि मोकळी हो. तू काय वेगळी लागून गेलीस?"

घरी येऊन मी मिस्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलीत तुझी. उगाच वैर कशाला घ्यायचं?" मला त्यांच्याकडून हेच ऐकायचं नव्हतं. त्या रात्री आम्ही एकमेकांशी बोललो नाही, आणि पुढे कितीतरी दिवस बोललो ते भाजी काय आणायची एवढंच.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे सचिव शाळेत आले. कामथडीकडे हायवेला त्यांची जमीन आहे, दोन टेम्पो आहेत, आणि शाळा ही त्यांना तिसऱ्या टेम्पोसारखी वाटते. सगळ्यांशी गोड बोलतात. मला समोर बसवून त्यांनी चहा मागवला.

"बाई, आमी काय तुमचं वाईट चिंतितो व्हय?" ते म्हणाले. "पन ह्ये काम बाईमानसाचं न्हाई. गावातली मानसं दारू पिऊन येत्यात भांडायला. पोरं मारामाऱ्या करत्यात. सारखं पुण्याला ऑफिसात खेपा. तुमाला कुनी हूं तरी म्हनंल का?"

"दारू पिऊन येणाऱ्याला आत्ताचे सर काय करतात?"

"काय करनार? मला फोन लावत्यात."

"फोन मलाही लावता येतो," मी म्हटलं.

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण त्यांनी माझ्यासाठी मागवलेला चहा मी न पिता उठले तेव्हा मागून म्हणाले, "विचार करा, बाई. समद्यांनी मिळून ऱ्हायचंय."

मिळून राहणं म्हणजे काय ते मला लगेच कळलं. गणिताच्या सरांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. त्यांच्या मागोमाग बाकीच्यांनीही केलं. वेळापत्रक त्यांच्याकडे होतं. माझे दहावीचे तास मधल्या सुट्टीनंतरच्या उन्हाच्या वेळेला गेले आणि शेवटच्या तासाला मला रोज कुणाच्या तरी बदली पाठवायला लागले, म्हणजे परतीची एसटी चुकावी. शिपाई सगळ्यांच्या कपात चहा ओतून किटली घेऊन जायचा आणि माझ्या कपाकडे बघायचाही नाही. मी घरून थर्मास आणायला लागले. स्टाफरूममध्ये मी शिरले की बोलणं थांबायचं. मी खिडकीशी बसून वह्या तपासायचे आणि मनातल्या मनात एकेकाला शिव्या द्यायचे. मी काही संत नाही.

अशात महिला दिन आला.

आमच्याकडे महिला दिन जोरात होतो. म्हणजे शिक्षिकांनी ठरवलेल्या रंगाच्या साड्या नेसायच्या, सकाळी लवकर येऊन रांगोळी काढायची, पाहुण्यांसाठी उपमा करायचा, खुर्च्या मांडायच्या, आणि मग त्याच खुर्च्यांवर बसून पुरुषांच्या हातून गुलाबाचं फूल घ्यायचं. त्या वर्षी गावातल्या बायकांनाही बोलावलं होतं आणि गणिताच्या सरांनी शिक्षकांचा एक वादविवाद ठेवला होता. विषय होता, नोकरीच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समानता आली आहे. अध्यक्षस्थानी सचिव. विरोधी बाजूने बोलायला माझं नाव घातलं होतं. मला वाटतं, मी चिडून काहीतरी वेडंवाकडं बोलावं आणि गावासमोर माझं हसं व्हावं असा बेत होता.

बाजूने बोलायला उभी केली ती विज्ञानाची एक तरुण शिक्षिका. ती शिक्षणसेवक म्हणून नवीन लागली होती आणि तिची नोकरी कायम होणं सचिवांच्या हातात होतं. सुरुवातीला तिने स्त्रिया विमान चालवतात, पोलिसात आहेत, न्यायाधीश आहेत, असं सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "समानता आली आहे. आता ती पेलायची आपली तयारी हवी. काही जणींना अधिकार हवे असतात, पण शाळा सुटायच्या आधी त्यांचं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. घर सोडून थांबायची तयारी नाही, आणि खुर्ची मात्र हवी."

स्टाफमधले पुरुष जोरात हसले. त्या मुलीला मी आल्या दिवशी माझा डबा अर्धा दिला होता. तिला खोली मिळेपर्यंत आठवडाभर माझ्या घरी ठेवून घेतलं होतं.

मी उठले. मी पाठ करून आणलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "एका बाईची गोष्ट सांगते. ती शाळेत सगळ्यात ज्येष्ठ आहे. तिला सांगितलंय, घरगुती अडचणीमुळे मला मुख्याध्यापकपद नको असं लिहून दे. ती बाई मी आहे. माझी घरगुती अडचण काय आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. अध्यक्षांनी आत्ता सांगावी. मी इथेच लिहून देते."

सचिवांनी माइककडे हात केला आणि परत मागे घेतला. मला वाटलं, आता समोरच्या बायका तरी टाळ्या वाजवतील. एवढ्या बायका आल्या होत्या, कुणी शेतातून, कुणी चूल आवरून.

त्यांच्यातली एक उठून उभी राहिली. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. "बाई, तुमची भांडनं तुमी आत मिटवा," ती म्हणाली. "आमाला कशाला बलावलं? आमचं पोरगं मराठीत नापास हाय, त्येचं बघा आदी."

या वेळी सगळेच हसले, बायकासुद्धा. मी खाली बसले. मला रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी ती फुलं ठेवलेली बादली उचलून नळावर गेले.

संध्याकाळी बसस्टॉपवर सचिवांची गाडी माझ्यापाशी थांबली. काच खाली करून ते म्हणाले, "बाई, चार लोकांत माझी अब्रू काढली तुमी. आता बघा." या वेळी ते हसत नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. निदान आता खोटं गोड बोलायचं कुणालाच कारण राहिलं नव्हतं.

त्यानंतर माझ्याविरुद्ध गावातून तक्रारअर्ज आला. मी उशिरा येते, मुलांना मारते, वर्गात मोबाईल बघते. मारत तर मी कधीच नव्हते. माझ्याकडून खुलासा मागितला गेला. मी खुलासा दिला आणि सोबत हेही लेखी दिलं की मला पद हवं आहे आणि मी नकार देणार नाही. त्याची एक प्रत घेऊन एक दिवस रजा टाकून पुण्याला शिक्षण विभागाच्या ऑफिसात गेले. तिथल्या क्लार्कने चष्म्यातून ते वाचलं, माझी काहीच विचारपूस केली नाही आणि म्हणाला, "नकार नाही ना? मग संस्थेकडून मान्यतेचा प्रस्ताव तुमच्याच नावाचा यायला हवा. दुसऱ्याचा आला तर परत पाठवू. पुढचे कोण?" आणि माझ्या मागच्या माणसाकडे हात केला.

मला न्याय मिळाला तो असा. कुणाच्या मनात बदल झाला नाही, कुणी माझ्या बाजूने उभं राहिलं नाही. एक नियम होता आणि तो वाकवायला माझी सही लागत होती, ती मी दिली नाही. दुसऱ्याच्या नावाचा प्रस्ताव त्यांनी एकदा पाठवलाच आणि तो परत आला. मग नाइलाजाने माझा गेला.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चार्ज द्यायला कुणी आलं नाही. जुने सर निवृत्त होऊन घरी बसले होते आणि कपाटांच्या किल्ल्या गणिताच्या सरांकडे होत्या. त्यांनी त्या शिपायाच्या हाती पाठवल्या. शिपायाने टेबलावर टाकल्या आणि चहा हवा का असं विचारलं. मी नको म्हटलं. पहिल्या मीटिंगला सगळे आले, कारण सही करावी लागते, आणि कुणी तोंड उघडलं नाही. वेळापत्रक मी स्वतःकडे घेतलं.

पुढच्या महिला दिनाला शिक्षिकांनी काहीही करायचं नाही, उपमा आणि रांगोळी पुरुष शिक्षकांकडे, असं मी लेखी काढलं. रांगोळी निघालीच नाही. उपमा त्यांनी मार्गासनीच्या हॉटेलातून आणला, आणि तो आमच्यापेक्षा बरा होता. सचिवांनी भाषणात सांगितलं की आमच्या संस्थेनं महिलेला संधी दिली, आमी पयल्यापास्नं समानता मानतो. त्यांनी मला शाल द्यायला बोलावलं. मी जागेवरून उठले नाही. शाल थोडा वेळ त्यांच्या हातात राहिली, मग त्यांनी ती घडी करून टेबलावर ठेवली.

त्याच महिन्यात विज्ञानाची ती शिक्षिका माझ्या खोलीत आली. तिला सातवा लागला होता. तिच्या हातात राजीनामा होता.

"सचिव म्हणाले, आत्ता राजीनामा दे," ती म्हणाली. "बाळंतपण झाल्यावर परत घेऊ म्हणाले."

"परत घेतील असं वाटतं तुम्हाला?"

तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते राहू द्या," मी म्हटलं. "मी ते विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. राजीनामा मी घेत नाही. प्रसूती रजेचा अर्ज लिहा, मी आत्ता मंजूर करते. ही रजा तुमचा हक्क आहे. त्यासाठी तुम्ही मला आवडायला हव्यात असं कुठे लिहिलेलं नाही."

तिने समोर बसून अर्ज लिहिला. मी सही केली. ती थँक्यू म्हणाली, मी उत्तर दिलं नाही. सचिवांचा फोन आला तेव्हा मी त्यांना एवढंच म्हटलं, की बाळंतपणासाठी राजीनामा मागितला हे मी पुण्याला लेखी कळवावं असं वाटत असेल तर तसं सांगा. त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी गणिताचे सर माझ्या दारात उभे राहिले. वर्षभरानंतर ते माझ्याशी पहिल्यांदा थेट बोलत होते.

"या बाया रजेवर जाणार, मग विज्ञान कोण शिकवणार?"

"तुम्ही बीएस्सी आहात ना?" मी विचारलं. "सोमवारपासून नववी आणि आठवीचे तास तुमचे."

ते जायला वळले आणि जाताना दार जोरात आपटलं. सोमवारी मी व्हरांड्यातून गेले तेव्हा ते नववीला अ‍ॅसिड आणि बेस शिकवत होते, खरं सांगायचं तर चांगलं शिकवत होते. मला बघून त्यांनी फळ्याकडे तोंड केलं.