चार बोटं कमी

मोठीमाय माझं माप केळीच्या खोडावरच्या वाळक्या सोपाच्या, म्हणजे सालीच्या, दोरीनं घ्यायची. दोरी खांद्यापासून गुडघ्यापर्यंत धरायची, गाठ मारायची, मग ती सोडून चार बोटं वर बांधायची. मोठीमाय म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. आई-वडील भिवंडीला मागावर कामाला आणि मी गावी, फोपनारला तिच्याजवळ.

भिवंडीहून दिवाळीला आलेले शेजारचे काशिनाथकाका परत जाताना ती दोरी आईकडे न्यायचे. होळीला आईनं शिवलेला झगा यायचा, तो आखूडच. मोठीमाय त्याला आपल्या जुन्या लुगड्याची पट्टी जोडायची. मुली हसायच्या, मी रडायचे. ती म्हणायची, "घाई कायले व? उंची काय पळून चालली?"

ती स्वतः केळीचे घड वाहायची, पण मला कधी मळ्यात नेलं नाही. आमचा मुलूख नव्या मध्य प्रदेशात गेला, शाळेत हिंदी पुस्तकं आली, मी अडखळू लागले. तर मोठीमाय म्हणे, "मराठीत शिक नाही तं हिंदीत शिक, पन शाळा सोडू नको."

मला आई हवी होती, बाकी काही नको. मोठीमायची नजर गेली, म्हणून माप चुकतं, असं मला वाटे. आईच्या हातचा झगा तरी पट्टीशिवाय अंगाला यावा, म्हणून चौथीत असताना मीच खरं माप घेतलं आणि काकांच्या पिशवीतली दोरी गुपचूप बदलली. आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला.

होळीला झगा आला नाही, वडील आले. दोरी त्यांच्या खिशात होती. "एवढी वाढली? आता कांड्या भरायले कामाची झाली," ते म्हणाले.

"चवथीची परीक्षा तं होऊ दे, बापू. महिनाच राह्यला," मोठीमाय म्हणाली.

"तिथं काम थांबत नाही, माय."

तिनं दोरी हातात घेतली, गाठ चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. माझे कपडे बांधताना एवढंच म्हणाली, "मले बरोबर दिसत होतं व, पोरी."

भिवंडीत मी दिवसभर मागासाठी कांड्या भरायचे, त्यांच्यावर सूत गुंडाळायचे. पाटी फोपनारलाच राहिली. दोरी मी बदलली होती, हे आईला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांनी मोठीमाय गेल्याची तार आली. आई तेव्हा माझं माप घेत होती. तिला हुंदका आला. मला रडू आलं नाही, आजही येत नाही. थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले आणि टेप पुन्हा माझ्या खांद्याला लावली.

"सरळ उभी राह्य," ती म्हणाली.

मी उभी राहिले.