मशीनभाऊंना सप्रेम नमस्कार

लपवून काय उपयोग? माझ्या गाढवपणाच्या छापील प्रती निघाल्यात, त्याही शंभर! तेव्हा चहा निवायच्या आत मीच सांगून टाकतो.

बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. भिंगारच्या एका फौजी ट्रेनिंग स्कुलात मी टेंपररी टायपिस्ट. जवानांसाठी ट्रकच्या देखभालीचं पुस्तक काढायचं होतं, रोमन लिपीतल्या हिंदीत. मजकूर आमच्या मेजरसाहेबांचा, ते साताऱ्याकडचे. म्हणाले, "साळवे, यंदा हे पुस्तक मुंबईच्या कॉम्प्युटरवर जुळवायचं. नीट झालं, तर तुम्हाला कायम करायची शिफारस करतो."

कायम! बायकोनं त्याच दिवशी चर्चमध्ये जाऊन देवाचे आभारही मानले.

तोवर आमची पुस्तकं बाजारातल्या छापखान्यात बापूमामा हातानं खिळे जुळवून करायचे. मी मजकुरातच मधे कंस करून त्यांना सूचना टाइप करायचो. मामा सूचना पाळायचे आणि कंस गाळायचे. "तुमी बिनघोर लिवा, मला कळतंय," म्हणायचे.

साहेबांनी समजावलं, "कॉम्प्युटरलाही मजकुरातच हुकूम द्यायचा. एक टिंब, पुढं दोन अक्षरं. बास! तो आपोआप जागा सोडतो, पान बदलतो." आणि हुकमांचा एक कागद हातात दिला.

टिंब आणि दोन अक्षरं? एवढं पुस्तक जुळवणाऱ्याशी असं तुटक बोलायचं? मला काही पटेना. मी मामांना लिहायचो तसंच लिहिलं. नवा गडी म्हणून जरा जास्तच मायेनं!

मुंबईत काय, लिहिलंय तशी कार्डांवर भोकं पाडून ती कॉम्प्युटरला भरवायची, एवढंच काम. महिन्याभरानं शंभर प्रतींचा गठ्ठा आला. ओळी कशा अगदी दोरी लावल्यासारख्या! साहेब खुशीत वाचायला लागले, "रेडिएटर का ढक्कन धीरे से खोलिए. भाऊ, इथं चार बोटं जागा सोड, चित्र यायचंय."

साहेब थांबले. पान उलटलं. "जो ढीला है उसे उतना कसिए जितना ढीला न हो. हे वाक्य मेजरसाहेबांनी जेवून उठल्यावर लिहिलंय. मलाही कळलं नाही, तू गुमान जुळव."

"हे काय, साळवे?"

"साहेब, मशीनच चावट दिसतंय!" मी ठोकून दिलं. "मनानं काहीबाही घालतंय. मी असलं लिहीन का?"

"असं?" साहेबांनी शेवटचं पान पुढं सरकवलं. "मोठ्यानं वाचा."

मी वाचलं, "भाऊ, लई कष्ट घेतलेस. तुझ्यामुळं कायम होतोय. नाताळाला सहकुटुंब भिंगारला ये, करंज्या खायला. तुझाच, शमुवेल साळवे, टायपिस्ट."

कायम व्हायला मला पुढं चार वर्षं लागली. त्या दिवशी साहेबांनी लिहून ठेवलेली माझी शिफारस शांतपणे फाडली आणि एवढंच विचारलं, "साळवे, सहकुटुंब म्हणजे, मशीनची मंडळी कोण?"