मामीच्या डोक्यामागची भिंत

उपनगरांतल्या यच्चयावत घरमालकांना एकाच माणसाची धास्ती असेल, तर ती आमच्या मामांची. मामांचा जन्म भाड्याच्या घरांत गेला. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, संपलं की आणखी अकरा, आणि मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं की चला, भरा टेम्पो! घाटकोपर झालं, मुलुंड झालं, शेवटी कांदिवली. पण निघताना मामांच्या डिपॉझिटातला एक छदाम कापायची कुणाची टाप नव्हती. नव्या घरी सामान खाली टेम्पोतच राहायचं आणि मामा आधी मोबाइल घेऊन आत शिरायचे. एकेक नळ सोडायचा, एकेक खिडकी उघडायची आणि व्हिडिओत स्वतःच खड्या आवाजात बोलायचं, "हा तडा बघा. हा आमचा नव्हे. ही फरशी बघा, आम्ही यायच्या आधीच गेलेली आहे." मामी बिचारी देवांचा डबा घेऊन दारात उभी. "देव ठेवू आत, का त्यांचापण व्हिडिओ काढायचाय?" असं ती विचारायची.

आत राहायला लागल्यावर तर विचारूच नका. भिंतीला खिळा म्हणजे महापाप. घड्याळ फ्रिजवर उभं, आरसा खुर्चीवर बसलेला, आणि कॅलेंडर खिडकीच्या ग्रिलला टांगलेलं, त्यामुळे संकष्टी कधी ते बघायला आधी पडदा सारावा लागे. बांगडे तळायचे तर ओट्यामागच्या टाइल्सना वर्तमानपत्रांचे पडदे. पाहुणा सोफ्यावर जरा सैल बसला की मामा त्याच्या खांद्याला हात लावून म्हणत, "पाठ सांभाळून हां." मी लहानपणापासून त्यांच्याकडे बसते ती शिपायासारखी ताठ. आमच्या नात्यात कुणाचंही डिपॉझिट अडकलं की मामांना फोन जायचा. मग मामा इस्त्रीचा शर्ट घालून मालकासमोर बसत आणि त्यांचं ते एकच वाक्य टाकत, "हे आधीपासून होतं." ते अशा ठामपणे म्हणत की हळूहळू मालकालाही तसं आठवायला लागायचं! वाक्य दर वेळी खरं असायचंच असं नाही. मालक तरी कुठे धुतल्या तांदळाचे असतात?

आणि या माणसाच्या संसारात देवाने माझी मामी घातली. मामीचं डोकं म्हणजे खोबरेलाचा घाणा. सकाळी वेणी घालताना ती तेल असं थापायची की दुपारपर्यंत कपाळ चकाकत असे. जमिनीवर पाय पसरून, भिंतीला डोकं टेकवून भाजी निवडायची आणि समोर मालिका बघायची, एवढीच तिची चैन. लगेच आतून आवाज, "डोकं लावू नको गो भिंतीला! मालक कापतील!" मग ती टॉवेल घ्यायची मागे. कधी चिडून म्हणायची, "कुणाच्या बापाची भिंत आहे?" मामा शांतपणे सांगत, "मालकाच्या."

कांदिवलीच्या घरी मामी आजारी पडली. हाडं तेवढी उरली. पलंगावर जीव घुसमटतो म्हणायची, म्हणून हॉलमध्येच गादी घातली, भिंतीलगत. ती दिवसभर तिथे टेकून बसे. तेल आता मामाच लावत. एकदा टॉवेल घसरून पडला. मी सवयीने उचलून तिच्या डोक्यामागे सारायला गेले, तर मामा म्हणाले, "राहू दे. टोचतो तिला." त्यानंतर त्या घरात टॉवेल दिसला नाही.

मामी गेली, आणि वर्ष सरायच्या आत मालकाने घर मागितलं. मामांनी चारकोपला एक घर बघून ठेवलं होतं. लहानसंच, पण गॅलरीवालं, मामीची तुळस ठेवता येईल असं. जुनं डिपॉझिट पुरं हातात आलं तरच ते जमणार होतं. मी पैसे देऊ केले, तर म्हणाले, "भाचीकडून घेतात काय गो?" किल्ली द्यायच्या दिवशी मी सोबत गेले. मालक तरुण पोरगा, बोलायला गोड. म्हणाला, "काका, नळ बदलावा लागेल, जाळी फाटलीय, आणि घराला रंग." मामांनी मोबाइल काढला. नळ जिंकले, जाळी जिंकली. मला बरं वाटलं, म्हटलं, आले मामा परत माणसांत! मग पोरगा हॉलच्या भिंतीकडे वळला. गादी होती तिथे, बसल्या बाईच्या डोक्याइतक्या उंचीवर, पिवळट तेलकट गोल डाग.

"हे काय, काका?"

मामांनी मोबाइल खिशात घातला. मी कोपराने ढोसलं. अहो, तीन शब्द म्हणायचे होते! आयुष्यभर म्हटलेले. त्या पोरालाच कसनुसं झालं असावं. तोच म्हणाला, "आधीच्या भाडेकरूंचा असेल ना? असेल तर रंगाचे पैसे सोडून देतो मी. तुम्ही फक्त सांगा."

मामा भिंतीजवळ गेले. डागावर तळवा ठेवला.

"नाही," ते म्हणाले, "तो डाग आमचो आसा. काप पैसे."

खाली आल्यावर मी तणतणले. "मामा, गॅलरी गेली ना हातची! तुम्ही एवढं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" ते रिक्षाला हात करत म्हणाले, "ती नव्हतीच तिथे, असं कसं सांगू गो?"

आता मामा चारकोपलाच, पण तळमजल्यावर मागच्या अंगाला एका खोलीत राहतात. तुळस ओट्याच्या खिडकीत आहे, वाळत चाललीय. या घराचा व्हिडिओ त्यांनी काढला नाही. परवा मी गेले तेव्हा भिंतीलगत जमिनीवर बसले, नेहमीसारखी ताठ. मामा चहा घेऊन आले, माझ्याकडे बघत उभे राहिले.

"टेकून बस गो," म्हणाले. "लागूंदे डाग."

मी टेकले. चांगलं डोकं लावून टेकले. पण मी केसांना तेल लावत नाही.