व्याह्याची पिवळी गाडी

आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. हदगावात शेषेराव ड्रायव्हर म्हटलं की अजून बी लोक ओढून नेऊन चहा पाजतात. सगळी उमर त्यांनी लाल डब्याच्या उंच शिटावर काढली. उगा हॉर्न वाजवायचे न्हाईत, कुणाला ओव्हरटेक करायची घाई न्हाई, गाडी चालू करायच्या आधी स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायचा, आन् रस्त्यात कुणी हात केला की थांबायचं. तिथं थांबा असो नसो. कंडक्टर बोंबलायचे, पण ह्यांचा पाय तवर ब्रेकवर गेलेला असायचा. "हात केला म्हणजे माणसाला जायचं हाय," एवढंच म्हणायचे. घरात बी तसंच. कुणी काही बी मागितलं की हे थांबले. भांडायचं काम माझ्याकडं. आमच्या घरातलं सगळं भांडण मी एकटीनं केलंय, आन् चांगलं केलंय.

तर हे रिटायर झाले. नांदेडला आमी छोटं घर बांधून राह्यलो. मग गावाकडचं थोडं वावर नव्या रस्त्यात गेलं आन् त्याचे पैसे आले. मी म्हणलं, वर एक खोली काढू. हे म्हणले, "गाडी घ्यायची." म्हणलं घ्या, चांगली ऐसपैस, सगळे बसतील अशी. हे भिंतीकडं बघून म्हणले, "दोन दाराची. बुटकी. स्पोर्ट कार म्हणतात ती."

मला वाटलं उन्हानं डोकं फिरलं. "अहो, तुमचे गुडघे काय म्हणतात ते तरी इचारा."

"तुळजा, जिंदगीभर रस्ता वरून बघितला मी. असल्या गाड्या बाजूनं सूं करून जायच्या, मला नुसतं त्यांचं टप दिसायचं. एकदा खाली बसून बघायचंय. आन् आपल्या वावरातून रस्ता गेलाय ना? मग त्याच्यावरून आपली गाडी गेली पायजे."

तरी मी आठवडाभर भांडले. मग मला बी ते पटलं, पण पटलं असं मी काही बोलून दाखवलं न्हाई.

नवी घ्यायची आमची ऐपत न्हाई, म्हणजे जुनीच. पण घ्यायची कुठं? आमचा पुतण्या सुदर्शन मोबाईलमधी पुण्याच्या, हैदराबादच्या गाड्या दाखवायला लागला. फोटो बघून आमी कधी म्हैस घेतली न्हाई, गाडी कुठून घेणार? शेवटी देगलूर नाक्याकडं लालमहंमदचं जुन्या गाड्यांचं दुकान हाय, तिथं गेलो. त्याचे अब्बा डेपोत शिटा शिवायचे, तवापासूनची ओळख. त्याच्याकडं एक निळी गाडी होती, कुण्या डॉक्टरनं हौसेनं घेतलेली आन् बायकोच्या धाकानं विकलेली. हे तिच्याभवती हिंडायचे, खाली वाकून बघायचे, दार उघडायचे, लावायचे. मी लालमहंमदशी भांडायची. क्लच जड कामून हाय? टायर बदलून देणार का न्हाई? मागच्या काचेवर हा ओरखडा कुणी पाडला? तो बिचारा कपाळाला हात लावायचा. "भाभी, तुम्ही गिऱ्हाईक हाव का पोलीस?" असं म्हणायचा, आन् आतल्या खोलीतून शकिला, त्याची बायको, चहा पाठवायची. अशा तीन-चार चकरा झाल्यावर सौदा जमत आला. क्लच तेवढा दुरुस्त करून द्यायचा ऱ्हायला होता.

तेवढ्यात नातीचा पहिला वाढदिवस आला. आमची सुकन्या लातूरला दिलीय. सासरे अमृतराव, त्यांचं आडत दुकान हाय. माणूस दिलदार, बोलायला मोकळा. त्यांचा धाकटा पोरगा सत्यम नोकरीला बाहेरदेशी गेलाय, आन् त्याची पिवळी दोन दाराची गाडी अंगणात पत्र्याखाली उभी हाय. झालं. लोक केक बघायलेत, आन् आमचे हे गाडी बघायलेत. अमृतरावांनी ते हेरलं आन् भरल्या पंगतीत मोठ्यानं म्हणले, "आवडली का पाव्हणं? मग बाहेर कशाला हिंडता? घरचीच हाय, घेऊन जा."

सगळे वा वा म्हणले. हे हसले. हाव म्हणले न्हाईत, न्हाई बी म्हणले न्हाईत.

आता बाहेरच्याला वाटेल, ह्यात काय एवढं. पण पोरीच्या बापानं चार लोकांत व्याह्याचा शब्द खाली पाडायचा नसतो. आन् घ्यायचा म्हटलं तर त्याहून बेजार. व्याह्याला क्लच कसा हाय म्हणून इचारता येत न्हाई. भाव करता येत न्हाई. त्यांनी कमी सांगितलं तर उपकार झाले, जास्त सांगितलं तर गप बसावं लागतं. उद्या गाडी रस्त्यात बंद पडली तर बोलायचं कुणाला? लालमहंमदला मी वाट्टेल ते बोलू शकते, त्याच्या दुकानापुढं बसून राहू शकते. व्याह्यापुढं पदर घेऊन उभं ऱ्हावं लागतं. आन् आपण काही वाकडं बोललो की त्याचं ऐकून घ्यायला तिथं पोरगी असते.

नांदेडला आलो. काय कळवावं ते सुचंना, म्हणून काहीच कळवलं न्हाई. थोड्या दिवसांनी सुकन्याचा फोन आला. आवाज बारीक.

"आई, वाढदिवसापासून आत्याबाई माझ्याशी बोलंनात."

आत्याबाई म्हणजे तिची सासू, महादेवी. बाई तोंडाची फटकळ, पण मनात काही ठेवणारी न्हाई. सुकन्याला दिवसातून धा वेळा बोलायची आन् धा वेळा जवळ घ्यायची.

"बोलंनात म्हणजे?"

"म्हणजे तोंडच उघडंनात. चहा दिला की कपाकडं बघतात. पोरगी रडली की उचलतात, पण माझ्याकडं बघत न्हाईत. मामांनी एवढ्या लोकांत शब्द टाकला आन् बाबांनी काहीच कळवलं न्हाई, त्याचाच राग असंल." आन् मग ती रडली. सुकन्या रडणारी पोरगी न्हाई. बाळंतपणात सुद्धा दात आवळून होती.

हे बाजूला बसून सगळं ऐकायले होते. फोन ठेवल्यावर म्हणले, "पिवळी घेऊन टाकू."

"आन् निळी?"

"निळीचं काय. पोरीला तरास नको."

मी लई भांडणारी बाई, पण त्या दिवशी माझ्याजवळ भांडायला काहीच नव्हतं. लालमहंमदला सांगायला गेलो तर त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याला बी उजमा नावाची लेक हाय, हिंगोलीला दिलेली. म्हणला, "पोरीचा मामला हाय भाऊ, तिथंच घ्या. तुमचं ठरेस्तवर मी ही कुणाला दाखवत न्हाई." आन् निळ्या गाडीवर ताडपत्री टाकली. हे तिकडं बघतच राह्यले. मला त्यांची लई कीव आली.

रविवारी लातूरला गेलो. गाडी एकदा चालवून बघायची, मग हाव म्हणायचं, असं ठरवून. महादेवी सैपाकघरातून बाहेर आल्याच न्हाईत. सुकन्या लेकराला घेऊन दारात उभी. तोंड सुकलेलं, डोळ्याखाली काळं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आन् म्हणलं, आज मिटवून टाकते बाई सगळं.

गाडीत हे चालवायला, अमृतराव बाजूला, आन् मी मागं. मागचं शीट म्हणजे शिटाचं नुसतं सोंग. पाय ठेवायला जागा न्हाई, डोकं टपाला लागतंय. ह्यांनी स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावला आन् गाडी नांदेड रोडला घेतली. एवढी चपळ गाडी, पण हे चालवायले कशी? एसटीसारखी. वळण आलं की आधी लांब जायचं, मग वळायचं. अमृतराव प्रत्येक वळणाला दाराची मूठ धरायचे, बोलायचे मात्र काही न्हाईत. मी काही बोलंना, हे काही बोलंनात. सासरवाडीच्या मयतीला चालल्यासारखे आमी तिघं.

चाकूरच्या अलीकडं एका फाट्यावर एक म्हातारी उभी होती, काखेत पिशवी. तिनं हात केला.

आन् ह्यांनी गाडी थांबवली.

सवयच ती. डोक्यात काही यायच्या आधी पाय गेला ब्रेकवर. थांबल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की ही काही एसटी न्हाई, पण तवर म्हातारीनं येऊन दार उघडलं. "चाकूर?" म्हणली. हे म्हणले, "बसा." आता बसा म्हणलं, पण बसवायचं कुठं? मागं चढायचं म्हणजे पुढचं शीट वाकवून, अंग चोरून आत शिरायचं, ते म्हातारीला व्हायचं न्हाई. मग अमृतराव उतरले. एवढा आडतीवाला गडी, पोट सांभाळत, आधी एक पाय, मग डोकं, मग दुसरा पाय असं करत माझ्या शेजारी येऊन कोंबला गेला. व्याही आन् विहीण खांद्याला खांदा लावून. मी पदर एवढा पुढं ओढला की मला रस्ताच दिसंना. अमृतराव पलीकडच्या काचेला चिकटून बसले आन् छताकडं बघायला लागले.

म्हातारीचं नाव गुरम्मा. उदगीरकडची, चाकूरला लेकीकडं निघालेली. बसल्या बसल्या तिनं पिशवीतून आधार कार्ड काढून ह्यांच्यापुढं धरलं. "मला तिकीट माफ हाय. पंच्याहत्तर झाली." ह्यांनी बी ते नीट बघितलं आन् "ठीक हाय" म्हणून परत दिलं.

मग ती सुरू झाली.

"अय्यो, लई खाली हाय की गाडी. तुझी हाय का रं?"

"न्हाई आजी, मागं बसलेत त्यांची."

"मंग तू कामून चालवायलास?"

"मी इकत घ्यायलोय."

तिनं मान वळवली. "आन् तू कामून इकायलास रं? नड हाय का?"

असं आमच्यात कुणी इचारत न्हाई. आमी जाऊन चहा पिऊन हवापाण्याचं बोलून येतो. अमृतराव म्हणले, "नड कशाची, आजी."

"मंग मोडकी हाय?"

"मोडकी बी न्हाई. धाकट्या पोराची हाय, तो बाहेरदेशी असतो."

"मंग पोराला इचारलास का?"

ह्यांनी गिअर बदलला. मला वाटलं अमृतराव आता चिडतील. पण माणूस असा घडी घालून बसवला की त्याच्याच्यानं खोटं बोलवत नसावं. ते हळूच म्हणले, "न्हाई इचारलं. पोराला न्हाई आन् त्याच्या आईला बी न्हाई. पाव्हण्यांची नजर गेली म्हणून मी आपलं मोठेपणानं चार लोकांत बोलून बसलो. तवापासून ती घरात कुणाशी बोलंना. रोज सकाळी उठून ती गाडी पुसायची ना. पोरगं आलं की आधी हिचाच हॉर्न वाजवील म्हणायची. आता शब्द गेलाय, माघारी कसा घेऊ?"

म्हणजे इहीणबाई माझ्या पोरीवर रागावल्या नव्हत्या. त्या नवऱ्यावर रागावल्या होत्या, आन् तो राग सगळ्या घरावर पसरला होता. मी पदर मागं टाकला.

"पाव्हणं, खरं सांगू का? आमाला बी न्हाई घ्यायची ही गाडी. नांदेडला एक निळी बघून ठेवलीय. तुमचा शब्द मोडू नये म्हणून आलो."

ह्यांनी गाडी बाजूला घेऊन उभीच केली.

"मग बोलायचं न्हाई का?" अमृतराव म्हणले.

"तुमी बोललात का?"

ते माझ्याकडं बघायले, मी त्यांच्याकडं. आन् मग ते असे हसायला लागले की सगळी गाडी हलायला लागली, त्यांचा कोपर माझ्या बरगडीत, आन् मला बी हसू आवरंना. हे पुढं स्टेअरिंगवर डोकं टेकून हसायलेत, का रडायलेत, मला मागून कळंना. गुरम्मा म्हणली, "येडे हाव का रं तुमी? चाकूर कवा येणार?"

तिला लेकीच्या दारात सोडलं. तिथून माघारी अमृतरावांनीच चालवली. आमचे हे बाजूला बसून म्हणले, "लई छान हाय गाडी." आता मोकळेपणानं म्हणता येत होतं ना.

घरी आल्यावर अमृतराव सरळ सैपाकघरात गेले. "न्हाई विकायची. पाव्हण्यांनीच मला मोकळं केलं." महादेवी बाहेर आल्या. आधी गाडीकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग सुकन्याकडं. सुकन्याचं तोंड बघून त्यांनाच कसंतरी झालं असावं. म्हणल्या, "तू कामून अशी वाळलीस गं?" सुकन्या म्हणली, "तुमी बोलत नव्हता म्हणून." "आगं माझे बाई, तुझ्यावर कशाला रागावू मी," म्हणून त्यांनी तिला जी जवळ ओढली, ती मधी लेकरू चेंगरून रडायला लागलं तवाच सोडली.

दुसऱ्या दिवशी लालमहंमदनं ताडपत्री काढली. क्लच त्यानं आधीच करून ठेवला होता. स्टेपनी गुळगुळीत निघाली, त्याच्यावरून मी त्याला दुपारपर्यंत बेजार केलं, आन् त्यानं मला. लई बरं वाटलं. संध्याकाळी हे मला घेऊन आमच्या वावरातून गेलेल्या रस्त्यावर गेले. ट्रकवाले वरून बघायले. हे खाली बसून रस्ता बघायले, एकदम लहान लेकरावानी.

घरी येऊन गाडी लावतो न लावतो तेवढ्यात सुकन्याचा फोन. गाडी कशी हाय, बाबा खूश हायेत का, असं इचारायली होती. तेवढ्यात तिच्या मागून इहीणबाईचा आवाज आला, चांगला घर दणाणून सोडणारा. "दूध उतू गेलं की गं सगळं. ध्यान कुठं हाय तुझं? फोन घेऊन बसली की हिला काही दिसत न्हाई. आन् भांडं मी घासू का आता?"

सुकन्या म्हणली, "आई, ठेवते, आत्याबाई वरडायल्यात." पण घाईत फोन बंद करायचा राह्यला. मी पायरीवर बसले आन् ऐकत राह्यले. पार दुधापासून सुरू होऊन पोरीच्या टोपड्यापर्यंत बोलणी गेली. माझ्या डोळ्याला पाणी लागलं.

"काय झालं?" ह्यांनी घाबरून इचारलं.

"काही न्हाई. इहीणबाई सुकन्याला लई बोलायल्यात."

"खरं?" हे म्हणले, आन् माझ्या शेजारी पायरीवर बसले. "बरं झालं बाई. जरा स्पीकरवर टाक."