मेणातला अंगठा
एप्रिल तापला की माझ्या टेबलाच्या खणातून मेणाचा वास येतो आणि दिघाशीकडचा तारपा वाजवणारा एक म्हातारा आठवतो. मी स्वतः तारपा वाजवतो आणि जुन्या वादकांच्या चाली, त्यांच्या घराण्याच्या माहितीसकट, टिपून ठेवतो. अंबाडी नाक्यावर भेटलेल्या एका माणसाने मला आपणहून मोटारसायकलवरून म्हाताऱ्याच्या दारी नेलं आणि स्वतः लांब चिंचेखाली थांबला. म्हातारा तारप्याच्या भोपळ्याला मेण लावत बसला होता. मी त्याच्या बापाचं, आज्याचं नाव विचारलं तशी त्याची बोटं थांबली. "नावं कशाला रं? जमिनीचा दलाल हायस का?" मी घाईघाईने रेकॉर्डिंगच्या परवानगीचा कागद पुढे केला आणि तिथेच चुकलो. "वाजवतो, पन कागदाला अंगठा न्हाय," म्हणत त्याने आधी पोटभर वाजवलं, मग मेणाच्या गोळीवर अंगठा दाबून ती माझ्या हातावर ठेवली. "हा घे. ह्याच्यानं सातबाऱ्यावरचं नाव बदलत न्हाय." तो संशय मला फार झोंबला. परतताना गाडी चालवणारा तो माणूस मान न वळवता म्हणाला, "अंगठा दिला का त्याने? पुढच्या वेळी माझा पण एक जमिनीचा कागद घेऊन जा, साहेब." त्या घरी मी पुन्हा गेलो नाही. दर उन्हाळ्यात खणातल्या त्या मेणावरच्या अंगठ्याच्या रेषा थोड्या पुसट होतात, आणि मला बरं वाटतं.