कुणाचीच चूक नाही

दादा, मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी वारूळवाडीच्या आपल्या अंगणात जीप उभी होती आणि अण्णा जावयाचा हात सोडतच नव्हते. "पावणं, पोरगी लई लांब चाललीय. तिथं तिला तुमच्याबिगर कुनी न्हाई," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. जवळच्याच आणे गावचा, शिकलेला, परदेशात नोकरीला असलेला जावई मिळाला म्हणून तू साऱ्या भावकीत मिरवत होतास. मीही मिरवलेच की.

लेस्टरला मी रुळले. केअर होममध्ये शिफ्ट करू लागले, गोऱ्या आज्यांना आंघोळ घालता घालता त्यांच्याच इंग्रजीत गप्पा हाणू लागले. आणि मग कळलं, नवऱ्याच्या नाइट ड्यूट्या त्याच शहरात दुसऱ्या एका बाईच्या घरी चालल्या होत्या. मी भांडले, रडले. त्यानं सरळ ऑनलाइन घटस्फोटाचा अर्ज टाकला.

मला वाटलं, आता कोर्टात उभी राहीन आणि सगळं सांगीन. वकीलबाईंनी समजावलं, इथे आता चूक कुणाची हे कोर्ट विचारतच नाही. संसार मोडला, एवढं एकानं लिहिलं की पुरे. नवरा-बायकोनं एकमेकांवर चिखल उडवू नये म्हणून कायदा बदललाय. चांगलाच असेल. ज्यांना मुकाट सुटायचंय त्यांची सोय झाली. पण माझ्या जिवाला ते लागलं. आपल्याकडे भावकी निदान दोघांना समोर बसवून विचारते तरी. म्हटलं, जाऊ दे, माझं माहेर आहे ना विचारायला. तुला फोनवर सगळं सांगितलं. तू म्हणालास, "रडू नको. त्याला गावात पाय ठिवू देत न्हाई."

घटस्फोट झाल्यावर यंदा गावच्या जत्रेला आले, तर मांडवात तोच बसलेला आणि तू त्याला टॉवेल-टोपी देत होतास. जावयाचा मान! तुला बाजूला घेतलं तर म्हणालास, "अगं, कोर्टच म्हनतंय ना कुनाची चूक न्हाई? मग आमी कशापायी वाकडं घ्यायचं? माझ्या पोरीचं लगीन त्याच्याच गावात, आण्यात जमतंय."

दादा, कोर्टानं विचारलं नव्हतं. तुला तर सगळं ठाऊक होतं, आणि तरी तू त्याच्या डोक्यावर टोपी ठेवलीस. नवऱ्यानं फसवलं तेव्हा मी इतकी मोडले नव्हते.

मी भर पंगतीत म्हणाले, "या मानसानं मला फशिवलं. माझ्या पाठीमागं दुसरा संसार मांडला व्हता." चुलते म्हणाले, "जेवू दे गं पावण्याला." अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, रश्श्याची बादली घेऊन ते पुढच्या ताटाकडे वळले. त्याच दुपारी मी बॅग उचलली.

परवा लेस्टरला शिफ्टवरून माझ्या खोलीवर आले, बूट काढत होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

"घरी कवा येनार गं?"

"आत्ताच आले, आई," मी म्हणाले आणि कुकर लावला.